कोयीचे मोल

१. प्रस्तावना

जून महिना उजाडला की लखनौ महानगराच्या बाजारात मलिहाबादच्या दशहरी आंब्याच्या पेट्या येऊन पडतात. कोकणातील हापूसचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो आणि उत्तरेतील आंब्याचा सुरू होत असतो. त्या भागात एक म्हण पुष्कळदा ऐकू येते : ‘आम के आम, गुठलियों के दाम.’ आंबे तर खाल्लेच, वर कोयींचेही पैसे मिळाले, असा तिचा अर्थ. एकाच कामात दुहेरी लाभ झाला की लोक ही म्हण वापरतात.

आता म्हण बाजूला ठेवून त्याच बाजाराचा कोपरा पाहा. सालींचा, कोयींचा आणि नासक्या फळांचा तेथे ढीग पडलेला असतो. त्यावर माश्या घोंगावत असतात. कोयींचे ‘दाम’ म्हणीत मिळाले, बाजारात मात्र मिळाले नाहीत. जी गोष्ट लखनौच्या बाजाराची, तीच रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आमरसाच्या कारखान्याची, नागपुरातील संत्र्यांच्या रसवंतीची आणि आपल्या घरातील केराच्या बादलीची. फळातून रस किंवा गर काढून घेतल्यावर जे उरते, ते खरोखरच निरुपयोगी असते का? त्यातून कोणाच्या घरात चार पैसे येऊ शकतील का? या प्रश्नांचा विचार आपण प्रस्तुत पाठात करणार आहोत.

२. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• फळप्रक्रियेतील ‘टाकाऊ’ भागांचे स्वरूप सांगता येईल;
• कोकम, आंबा, काजू व संत्रे यांच्यापासून मिळणाऱ्या उपउत्पादनांची माहिती देता येईल;
• असे पदार्थ तयार करताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करता येईल;
• एखादा छोटा उद्योग परवडेल की नाही, याचा हिशोब मांडता येईल;
• ‘-आऊ’ प्रत्यय आणि ‘उप-’ उपसर्ग लागून तयार झालेले शब्द ओळखता येतील.

३. मूळ पाठ

३.१ टाकाऊ कशाला म्हणावे?

‘कचरा’ हा वस्तूचा गुण नव्हे. ती वस्तूची जागा आहे. शेतातील माती सुपीक म्हणून आपण तिला जपतो. तीच माती घरातल्या फरशीवर आली की केरसुणीने लोटून देतो. माती बदललेली नसते, तिची जागा बदललेली असते. फळांच्या बाबतीतही असेच घडते. योग्य हातात, योग्य वेळी पोहोचलेली कोय हा कच्चा माल असतो आणि चार दिवस पावसात भिजत पडलेली तीच कोय घाण ठरते.

आपल्या भाषेकडे जरा लक्ष द्या. आंब्याच्या बीला आपण ‘कोय’ किंवा ‘बाठ’ म्हणतो, फणसाच्या बीला ‘आठळी’, चिंचेच्या बीला ‘चिंचोका’. नारळाच्या कठीण कवचाला ‘करवंटी’ हे नाव आहे. ज्या वस्तूला लोकांनी स्वतंत्र नाव दिले, तिच्याशी त्यांचा काही व्यवहार होता, असे समजावयास हरकत नाही. आठळ्यांची भाजी होत असे. भाजून त्या खाल्ल्याही जात. चिंचोक्याच्या पिठाची खळ चिकटवण्यासाठी वापरली जाई. पुढे हेच पीठ कापडगिरण्यांत आणि तागाच्या गिरण्यांत धाग्याला खळ देण्यासाठी उपयोगात आले. नारळाला तर आपण कल्पवृक्षच म्हणतो. त्याचे खोबरे, पाणी, करवंटी, काथ्या आणि झावळ्या यांपैकी काहीच वाया जात नाही. म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विचार नवा नाही. नवी आहे ती त्याची व्याप्ती. पूर्वी एका घरातील शंभर कोयी असत, आता एका कारखान्यातील शेकडो टन कोयी असतात.

एवढा मोठा ढीग उघड्यावर राहिला तर काय होते? फळांच्या अवशेषांत साखर आणि पाणी भरपूर असते. त्यामुळे सूक्ष्मजीव त्यावर झपाट्याने वाढतात. हे अवशेष ओढ्यात किंवा नदीत गेले, की ते कुजवणारे सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. जमिनीवर पडले तर दुर्गंधी आणि माश्यांचा उपद्रव होतो. तेव्हा उरलेल्या भागाचा उपयोग करणे हा केवळ मिळकतीचा प्रश्न नाही. गावाच्या आरोग्याचाही तो प्रश्न आहे.

३.२ कोकम : घरोघरचे प्रयोगशास्त्र

फळाचा कण अन् कण कसा वापरावा, हे पाहावयाचे असेल तर कोकणातील रातांब्याकडे पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत झाडावर लालभडक रातांबे पिकतात. फळ फोडून साल वेगळी करतात आणि आतील गर व बिया एका भांड्यात काढतात. सालीला त्याच रसाची मीठ घालून पुन्हा पुन्हा पुटे देतात व प्रत्येक वेळी ती उन्हात वाळवतात. हीच आपली आमसुले. मीठ घालून टिकवलेल्या रसाला आगळ म्हणतात. सालीत साखर भरून जो पाक सुटतो, ते अमृत कोकम. येथवर फळाची साल आणि रस संपले. उरल्या त्या बिया.

बहुतेक फळांच्या बाबतीत गोष्ट येथेच संपली असती. पण कोकणातील बायांनी ती संपू दिली नाही. त्या बिया धुऊन कडक उन्हात वाळवतात. मग त्या फोडून आतील गर काढतात, तो कुटतात किंवा वाटतात आणि पाण्यात घालून उकळतात. मेद पाण्यात विरघळत नाही व पाण्यापेक्षा हलका असतो. त्यामुळे तो वर तरंगतो. भांडे थंड झाले, की हा तवंग गोठतो. तो काढून त्याचे गोळे वळतात. हे कोकमतेल. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. नाव तेलाचे असले, तरी सामान्य तापमानात ते घट्ट असते. सुमारे चाळीस अंश सेल्सिअसला ते वितळते. थंडीत भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना ते लावण्याची पद्धत जुनी आहे.

ज्या गुणामुळे हे तेल घरात फडताळावर गोळ्याच्या रूपात राहू शकते, त्याच गुणामुळे जगाच्या बाजारात त्याला मागणी आली. शरीराच्या उष्णतेजवळ वितळणारा घट्ट मेद मलमांसाठी आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी उपयुक्त असतो. चॉकलेटमध्ये मूलतः कोकोच्या बियांचे लोणी असते. युरोपीय संघाने २००० साली एक निर्देश काढून, त्याखेरीज अन्य वनस्पती मेद चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत घालण्यास परवानगी दिली. त्यासाठी सहा मेदांची यादी केली. त्या सहांपैकी एक कोकमाच्या बीचा आहे आणि दुसरा आंब्याच्या कोयीचा. कोकणातील अंगणात ज्यांच्याकडे आपण ‘उरलेसुरले’ म्हणून पाहतो, त्या दोन्ही वस्तूंची नावे दूरदेशीच्या कायद्यात नोंदली गेली आहेत.

पाठगत प्रश्न १
(अ) ‘कचरा हा वस्तूचा गुण नव्हे, ती वस्तूची जागा आहे,’ हे विधान कोणत्या उदाहरणाने पटवून दिले आहे?
(आ) योग्य पर्याय निवडा. कोकमाच्या बियांचा मेद पाण्यावर तरंगतो, कारण तो :
(१) गरम असतो (२) पाण्यापेक्षा हलका असून पाण्यात विरघळत नाही (३) रंगीत असतो (४) आंबट असतो

३.३ आंबा : साल आणि कोय

आमरसाच्या कारखान्यात आंबा जातो, तेव्हा त्याचा सगळा भाग डब्यात उतरत नाही. साल, कोय आणि गाळल्यावर राहणारा चोथा मिळून फळाच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते निम्मा भाग बाहेर पडतो. हे प्रमाण आंब्याच्या जातीनुसार आणि यंत्रानुसार बदलते.

कोयीचा पहिला आणि सर्वांत सोपा उपयोग म्हणजे तिच्यापासून रोप तयार करणे. कोकणात ‘कोय कलम’ ही पद्धत रूढ आहे. कोय रुजवून आलेल्या कोवळ्या रोपावर हापूससारख्या चांगल्या जातीच्या झाडाची काडी बांधतात. या कामासाठी रोपवाटिकांना दर वर्षी मोठ्या प्रमाणावर कोयी लागतात. येथे वेळेला महत्त्व आहे. आंब्याची कोय फार काळ जिवंत राहत नाही. काही आठवड्यांतच तिची उगवणक्षमता नाहीशी होते. म्हणून कोयी ताज्या असतानाच धुऊन, सावलीत ठेवून, त्वरित रुजत घालाव्या लागतात.

दुसरा उपयोग कोयीच्या आतील गराचा. वाळलेल्या गरात पिष्टमय पदार्थ पुष्कळ असतात आणि जातीनुसार सुमारे सहा ते पंधरा टक्के मेद असतो. हाच तो चॉकलेटमध्ये चालणारा मेद. मेद काढल्यावर राहणाऱ्या पेंडीचा उपयोग योग्य प्रक्रियेनंतर पशुखाद्यात करता येतो. गरातील टॅनिनमुळे त्याला तुरटपणा येतो. तो घालवण्यासाठी गर पाण्यात भिजवून ते पाणी अनेकदा बदलावे लागते.

तिसरा भाग सालीचा. सालीत तंतू आणि पेक्टिन हे द्रव्य असते. साल वाळवून तिची भुकटी करता येते किंवा ती जनावरांना इतर चाऱ्यात मिसळून देता येते. मात्र फळावर फवारलेल्या औषधांचे अंश सालीवरच अधिक राहतात, हे विसरून चालणार नाही. म्हणून फळे आधी स्वच्छ पाण्याने नीट धुणे ही सालीच्या वापराची पहिली अट आहे.

झाडाखाली गळून पडणाऱ्या कच्च्या कैऱ्यांचेही असेच आहे. वाऱ्या-वादळाने पडलेली कैरी पेटीत भरता येत नाही. उत्तर प्रदेशात तिच्या फोडी वाळवून आमचूर करतात, तर कोकणात आंबोशी. प्रदेश दूरचे, भाषा वेगळ्या. परंतु पडलेले फळ वाया जाऊ न देण्याची बुद्धी एकच.

या विषयावर संशोधन करणाऱ्या संस्थाही दोन्हीकडे आहेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. त्याच वर्षी लखनौजवळ आंबा संशोधन केंद्र सुरू झाले. रहमानखेडा येथील आजची केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था ती हीच. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून अन्नप्रक्रियेचे काम करीत आहे. अशा संस्थांकडून प्रशिक्षण आणि तंत्राची माहिती मिळू शकते. आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र हा त्यासाठी सर्वांत जवळचा दरवाजा आहे.

३.४ काजू : बोंडू आणि टरफल

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणले. आपण ज्याला काजूगर म्हणून खातो, तो बीचा अगदी लहान भाग. बीला चिकटलेला रसाळ बोंडू बीपेक्षा कितीतरी पट जड असतो. संत्र्याच्या रसात असते त्याच्या कित्येक पट ‘क’ जीवनसत्त्व बोंडूच्या रसात असते. तरीही सिंधुदुर्गातील बागांत बी काढून घेतल्यावर झाडाखाली बोंडूंचा सडा कुजत पडलेला दिसतो. कारण दोन : बोंडू एक-दोन दिवसांतच नासतो आणि त्याचा रस घशाला खवखवतो. गोव्यात बोंडूंच्या रसापासून फेणी हे मद्य गाळतात. २००९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु मद्य हा एकमेव मार्ग नव्हे. साबुदाण्याची पातळ खळ घालून ढवळले असता रसातील तुरट द्रव्ये तळाशी बसतात आणि वरचा निवळ रस सरबतासाठी वापरता येतो.

बीचे टरफलही टाकाऊ नाही. त्यातून निघणारे काळसर, दाट तेल रंग, रोगण आणि वाहनांच्या ब्रेकचे अस्तर यांसाठी वापरले जाते. मात्र हे तेल त्वचेला भाजते. काजू फोडणाऱ्या बायकांची काळवंडलेली बोटे हे या उद्योगाचे न बोललेले मोल आहे. उपउत्पादनाचा विचार करताना ते तयार करणाऱ्या हातांचा विचार आधी झाला पाहिजे. हातमोजे, हाताला लावावयाचे तेल आणि मोकळी हवा या चैनीच्या गोष्टी नाहीत. त्या उद्योगाच्या खर्चात धरल्याच पाहिजेत.

३.५ संत्रे आणि पेक्टिन

नागपुरी संत्र्याची साल हाताने सहज सुटते. ती सोलताना बोटांना जो सुगंध लागतो, तो सालीतील बारीक तैलग्रंथी फुटल्यामुळे. हे तेल सुवासिक द्रव्यांत आणि साफसफाईच्या द्रवांत वापरतात. वाळवलेल्या सालीची पूड उटण्यात घालण्याची चाल आपल्याकडे घरोघरी आहे. साखरेच्या पाकात मुरवलेल्या सालीचे तुकडे केक आणि मिठाईत वापरले जातात.

याहून महत्त्वाचे द्रव्य म्हणजे पेक्टिन. जाम किंवा जेली थरथरीत घट्ट होते ती पेक्टिनमुळे. फळांच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे हे द्रव्य ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली ओळखून त्याला नाव दिले. आज जगात विकले जाणारे पेक्टिन मुख्यतः दोन ‘टाकाऊ’ वस्तूंपासून येते. रस काढल्यावर उरलेली लिंबूवर्गीय फळांची साल ही त्यांतील पहिली आणि सफरचंदाचा चोथा ही दुसरी. एका कारखान्याचा कचरा हा दुसऱ्या कारखान्याचा कच्चा माल कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

३.६ उरलेल्याचेही उरते

तेल काढले, साल वाळवली, तरीही काही उरतेच. नासकी फळे आणि ओला चोथा यांचे काय करावे? येथे जैववायूचा मार्ग उपयोगी पडतो. आपण त्याला ‘गोबर गॅस’ या नावाने ओळखतो. त्यामुळे असा वायू शेणापासूनच होतो, असा समज आहे. पुण्याच्या ‘समुचित ग्रामीण तंत्रज्ञान’ या विषयाला वाहिलेल्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी वेगळा विचार मांडला. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवलेले अन्न. त्यातील पोषक अंश आधीच निघून गेलेला असतो. मग वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना न पचलेले, साखर व पिष्टमय पदार्थांनी युक्त अन्नच का देऊ नये? उष्टे-खरकटे, नासके धान्य, फळांचे अवशेष यांवर चालणारे लहान आटोपशीर संयंत्र त्यातून तयार झाले. त्याला शेणाच्या मानाने फारच थोडे खाद्य लागते आणि वायूही लवकर मिळतो. या कार्याबद्दल संस्थेला २००६ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. संयंत्रातून बाहेर पडणारे पाणी खत म्हणून झाडांना घालता येते. अशा रीतीने बागेतून निघालेले फळ शेवटी बागेतच परत येते.

३.७ हिशोब मांडून पाहू या

उत्साह चांगला, पण उद्योग केवळ उत्साहावर चालत नाही. समजा, एका बचत गटाने एक टन, म्हणजे १००० किलो आंब्यांचा गर काढला. त्यातून २०० किलो ओल्या कोयी निघाल्या, असे धरू. कोयीचे कठीण कवच काढल्यावर आतील गर साधारण निम्मा, म्हणजे १०० किलो मिळेल. तो वाळवल्यावर ५० किलोच्या आसपास राहील. त्यात दहा टक्के मेद आहे असे मानले, तर मिळणारा मेद फक्त ५ किलो. तोही सगळाच्या सगळा हाती येईल, असे नाही.

पाच किलो मेदासाठी दोनशे कोयींचे नव्हे, दोनशे किलो कोयींचे कवच फोडावयाचे, हे गटाला परवडेल का? बहुधा नाही. मेद काढण्याचा उद्योग मोठ्या कारखान्यालाच शोभतो. मग गटाने काय करावे? त्याने कोयी ताज्या असताना रोपवाटिकेला द्याव्यात. किंवा गर वाळवून, अनेक गटांनी एकत्र येऊन मोठ्या कारखान्याला विकावा. कोकमतेल मात्र घरगुती प्रमाणावरही जमते. कारण कोकमाच्या बियांत मेदाचे प्रमाण पुष्कळ अधिक असते आणि त्या फोडणेही सोपे जाते. प्रत्येक उपयुक्त गोष्ट प्रत्येकाने करावी, असे नाही. आपले मनुष्यबळ, जागा, ऊन, पाणी आणि बाजार पाहून निवड करणे, हेच खरे शहाणपण.

पाठगत प्रश्न २
(अ) काजूच्या टरफलाचे तेल कोणकोणत्या कामांसाठी वापरतात?
(आ) शेणापेक्षा फळांच्या अवशेषांपासून जैववायू लवकर का मिळतो?
(इ) वरील हिशोबातील बचत गटाने कोणता मार्ग निवडावा, असे पाठात सुचवले आहे?

३.८ एक गंभीर इशारा

कोय नेहमी उद्योगासाठीच वापरली गेली, असे नाही. अनेक आदिवासी भागांत पावसाळ्यात घरातील धान्य संपले, की साठवून ठेवलेल्या कोयींच्या गराची पेज करून खात. २००१ साली ओडिशातील रायगडा जिल्ह्यात काशीपूर भागात अशी पेज खाल्ल्यानंतर अनेक आदिवासींचा मृत्यू झाला. हे भूकबळी की विषबाधेचे बळी, यावर तेव्हा देशभर मोठा वाद झाला. वाद कोणत्याही बाजूने सोडवा, त्यातील दुःख एकच राहते. ज्यांच्या घरात धान्य होते, त्यांच्यावर बुरशी लागलेली कोय खाण्याची वेळ आली नाही.

या घटनेतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली अशी, की ओलसर जागी साठवलेल्या बिया, गर आणि पेंड यांवर बुरशी वाढते. काही बुरशींची विषे उकळूनही नष्ट होत नाहीत. म्हणून बुरशी आलेला माल माणसाला नव्हे, जनावरालाही देऊ नये. माल काढल्याबरोबर धुणे, पातळ पसरून कडक उन्हात किंवा वाळवणी यंत्रात वाळवणे आणि कोरड्या, हवाबंद डब्यात भरणे, हे तीन नियम कटाक्षाने पाळावेत. खाद्यपदार्थ विकावयाचा असेल, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घेणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ‘टाकाऊचा उपयोग करा’ हा उपदेश गरिबाला उरलेसुरले खाऊन राहावयास सांगण्यासाठी नाही. उरलेल्या भागाचे मोल वाढावे आणि ते मोल ज्याने तो गोळा केला, धुतला, वाळवला, त्याच्या हाती पडावे, हा त्यामागील हेतू आहे. कोयीचे ‘दाम’ म्हणीतून निघून त्या हातांपर्यंत पोहोचतील, तेव्हाच ती म्हण खरी ठरेल.

पाठगत प्रश्न ३
(अ) माल साठवताना पाळावयाचे तीन नियम सांगा.
(आ) लेखकाच्या मते टाकाऊच्या उपयोगामागील हेतू कोणता?

४. शब्दार्थ

उपउत्पादन – मुख्य पदार्थ तयार करताना त्याच्याबरोबर मिळणारा दुसरा पदार्थ
तवंग – द्रवावर तरंगणारा तेलाचा थर
पूट – रसात किंवा द्रवात भिजवून वाळवण्याची एक वेळ
चोथा – रस काढून घेतल्यावर राहणारा भाग
अवशेष – उरलेला भाग
खळ – पातळ, चिकट पेज
कटाक्षाने – विशेष काळजीपूर्वक
आटोपशीर – लहान व सोयीचे

५. भाषाभ्यास

(१) ‘टाक’ या धातूला ‘-आऊ’ हा प्रत्यय लागून ‘टाकाऊ’ हे विशेषण तयार होते. ‘टिक’पासून ‘टिकाऊ’ आणि ‘विक’पासून ‘विकाऊ’ हे शब्दही असेच बनले आहेत. ‘शिक’ आणि ‘लढ’ या धातूंपासून अशी विशेषणे तयार करून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

(२) ‘उपउत्पादन’ या शब्दात ‘उप-’ हा उपसर्ग आहे. ‘उप-’ उपसर्ग असलेले आणखी चार शब्द लिहा.

(३) वाक्यात उपयोग करा : दुहेरी लाभ होणे, हाती पडणे, चार पैसे मिळणे, सडा पडणे.

(४) ‘आम के आम, गुठलियों के दाम’ या हिंदी म्हणीच्या अर्थाला जवळची मराठी म्हण शोधा. दोन्हींतील अर्थाचा फरक दोन वाक्यांत सांगा.

६. आपण काय शिकलो?

• फळप्रक्रियेत उरणारी साल, बी आणि चोथा हे योग्य वेळी वापरले तर कच्चा माल ठरतात.
• कोकमाच्या बिया व आंब्याच्या कोयी यांतील मेदाला जगाच्या बाजारात स्थान आहे.
• संत्र्याची साल, काजूचा बोंडू व टरफल यांपासून अनेक उपयुक्त पदार्थ होतात. शेवटी राहिलेल्या ओल्या भागापासून जैववायू आणि खत मिळते.
• उद्योग निवडण्यापूर्वी हिशोब मांडावा. स्वच्छता आणि वाळवण यांत कसूर करू नये.
• काम करणाऱ्यांचे आरोग्य आणि त्यांचा योग्य मोबदला हा उपउत्पादनाच्या विचाराचा अविभाज्य भाग आहे.

७. पाठान्त प्रश्न

(१) कोकमतेल तयार करण्याची कृती क्रमाने लिहा आणि प्रत्येक टप्प्यामागील कारण सांगा.
(२) ‘कोकणातील अंगण आणि दूरदेशीचा कायदा’ यांचा संबंध पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(३) काजू उद्योगातील कामगारांच्या संदर्भात पाठात मांडलेला विचार तुमच्या शब्दांत लिहा.
(४) काशीपूरच्या घटनेतून मिळणाऱ्या दोन बोधांची चर्चा करा.
(५) स्वमत : तुमच्या परिसरात कोणत्या फळाचा कोणता भाग वाया जातो? त्याचा एक उपयोग सुचवा. त्यासाठी किती माणसे, किती दिवस आणि कोणती साधने लागतील, याचा अंदाज मांडा.
(६) उपक्रम : आठवडाभर आपल्या घरात निघणाऱ्या फळांच्या साली व बिया रोज तोलून नोंद ठेवा. फळाचे एकूण वजन आणि उरलेल्या भागाचे वजन यांचे प्रमाण काढा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) मातीच्या उदाहरणाने : शेतातील माती जपली जाते, तीच घरात आली की लोटून दिली जाते. (आ) पर्याय (२).
२. (अ) रंग, रोगण आणि वाहनांच्या ब्रेकचे अस्तर यांसाठी. (आ) शेणातील पोषक अंश जनावराने आधीच पचवून घेतलेला असतो. फळांच्या अवशेषांत साखर व पिष्टमय पदार्थ शिल्लक असतात. (इ) ताज्या कोयी रोपवाटिकेला देणे, किंवा गर वाळवून अनेक गटांनी मिळून कारखान्याला विकणे.
३. (अ) लगेच धुणे, पातळ पसरून वाळवणे, कोरड्या व हवाबंद डब्यात भरणे. (आ) उरलेल्या भागाचे मोल वाढावे आणि ते कष्ट करणाऱ्याच्या हाती पडावे.